खाडीकाठच्या हद्दी जुळवताना

ऐरोली ते वाशी या पट्ट्यात रात्री कुणी खाडीकाठी राडारोड्याची गाडी रिकामी केली, की सकाळी पहिला प्रश्न येतो तो पंचनामा कोणी करायचा याचा. जागा सरकारी असेल तर महसूल, अधिसूचित कांदळवन असेल तर वनखातं, संपादित असेल तर सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), नाल्याच्या तोंडाशी असेल तर महापालिका. वनरक्षकाच्या मोबाईलमधली रेषा, तलाठ्याच्या गाव नकाशावरची रेषा आणि सिडकोच्या सेक्टर नकाशावरची रेषा एकमेकींवर बसत नाहीत. तिघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात. या चर्चेत दिवस जातो आणि भरावाखाली गेलेली झाडं तशीच गुदमरत राहतात.

ठाणे तालुक्याच्या या काठावर महसूल, भूमी अभिलेख, वन, सिडको आणि किनारपट्टीशी संबंधित इतर खात्यांच्या हद्दी एका चौकटीत बसवण्याचं काम आम्ही केलं. ते कसं होतं, कुठे अडतं आणि का अडतं, हे अशाच कामाला हात घालणाऱ्यांसाठी लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक ठरवून घ्यावं लागतं. सगळ्यांना मान्य होईल अशी नवी रेषा आखणं हे या कामाचं स्वरूप नाही. सातबाऱ्याची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे ठरते. वनाची हद्द भारतीय वन अधिनियम, 1927 च्या अधिसूचनेने, अभयारण्याची वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ने आणि भरतीरेषेमागचा पट्टा सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने ठरतो. दोन रेषांच्या मधून तिसरी काढली तर ती यातल्या कुठल्याच कायद्याची राहत नाही आणि पहिल्याच सुनावणीत कोसळते. म्हणून प्रत्येक रेषा तिच्या मूळ कागदावरून नव्याने उभी करायची. ज्या दोन रेषा कायद्याने एकच असायला हव्यात त्या खरोखर एक करायच्या. ज्या मुळातच वेगळ्या आहेत, त्यांच्यातला फरक मिटवायचा नाही, लिहून ठेवायचा.

कागद कोणते, आणि कुणावर किती विसंबायचं

उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, आकारबंद (सर्व्हे नंबरांच्या क्षेत्रांची नोंद), टिपण (मूळ मोजणीचं मापांचं कच्चं रेखाचित्र), गुणाकार बुक (क्षेत्र काढल्याची गणितं), फाळणी म्हणजे हिश्श्यांचे नकाशे आणि झालेले सगळे कमी-जास्त पत्रक म्हणजे क्षेत्रबदलाची नोंद करणारे कजाप मागवायचे. तलाठ्याकडून सातबारा, त्यावरच्या इतर अधिकारातल्या नोंदी, गाव नमुना 1-अ आणि 1-ब. यातला 1-अ हा वनजमिनींचा असतो आणि 1-ब सरकारी जमिनींचा. हे दोन नमुने बहुतेक जण मागतच नाहीत. खरं तर महसूल खातं स्वतः कुठली जमीन वन मानतं, हे 1-अ वरूनच कळतं. अधिसूचना निघाली पण 1-अ ला ओढली गेली नाही, अशी प्रकरणं इथेच सापडतात.

वनखात्याकडून राजपत्राची प्रत घ्यायची, ती अनुसूचीसकट. सोबतचा नकाशा दुय्यम. अधिसूचना कलम 4 ची आहे, 20 ची की 29 ची, हे पहिल्या ओळीत पाहायचं. कलम 4 मध्ये राखीव वन करण्याचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर वनजमाबंदी अधिकाऱ्याची चौकशी होते आणि शेवटी कलम 20 येतं. कलम 29 संरक्षित वनाचं. तिन्हींना एकाच हिरव्या रंगात रंगवलेले नकाशे आम्ही पाहिले आहेत. त्यातून पुढे हक्कांचे वाद उभे राहतात, कारण कलम 4 च्या टप्प्यावर गावकऱ्यांचे, विशेषतः खाडीत मासेमारी करणाऱ्यांचे, वहिवाटीचे दावे अजून जिवंत असतात.

सिडकोकडून संपादनाचे निवाडे आणि सेक्टर नकाशे. इथली मोठी अडचण अशी की निवाडा सर्व्हे नंबरच्या भाषेत बोलतो आणि सेक्टर नकाशा भूखंड क्रमांकाच्या. नोड, म्हणजे सिडकोचे नियोजित शहरभाग, वसल्यावर जुने बांध पुसले गेले. वन अधिसूचनेत मात्र सर्व्हे आणि हिस्सा नंबरच असतात. त्यामुळे सर्व्हे नंबर आणि सेक्टर-भूखंड यांचा जोडतक्ता हाताने तयार करावा लागतो. कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि नंतर सर्वांत जास्त वापरलाही तोच जातो.

विश्वासार्हतेचा क्रम आम्ही असा धरतो: मोजलेली मापं असलेला कागद आधी, त्यावरून काढलेला नकाशा नंतर, त्या नकाशाची स्कॅन प्रत त्यानंतर, आणि स्कॅनवरून कुणीतरी गिरवलेली केएमएल (संगणकी नकाशाची) फाइल शेवटी. टिपणात पायारेषा असते आणि तिच्यावर काढलेले लंब साखळी-आण्यांत लिहिलेले असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. म्हणजे एक आणा सुमारे 63 सेंटिमीटर. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत एवढी बारीक नोंद आहे. गाव नकाशा 1:3960 चा असेल तर त्यावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली जवळपास 2 मीटर जमीन झाकली जाते. 1:25000 च्या किनारा व्यवस्थापन नकाशावर तीच रेघ साडेबारा मीटरची होते आणि 1:50000 च्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशावर) 25 मीटरची. वाद 10 मीटरचा असताना टोपोशीट पुढे करण्यात अर्थ नसतो.

क्षेत्राच्या आकड्यांत एक सापळा आहे. जुन्या कागदात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. एक गुंठा 101.17 चौरस मीटर, एक आर 100. घाईत 40 गुंठे म्हणजे 40 आर धरले की एकरामागे जवळपास 47 चौरस मीटर हरवतात. एका हिश्शात ते जाणवत नाही. पण खाजणातले, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतले, मोठे सर्व्हे नंबर असले की अनुसूचीतली बेरीज आणि आकारबंदाची बेरीज जुळत नाही, आणि मग नसलेल्या अतिक्रमणाचा शोध सुरू होतो. प्रत्येक क्षेत्रासमोर मूळ एकक आणि रूपांतरित एकक असे दोन रकाने ठेवले की हा घोळ होत नाही.

नकाशा जमिनीवर बसवणं

जुने नकाशे कापडावर चिकटवलेले असतात आणि ते दोन्ही दिशांना सारखे आकसत नाहीत. म्हणून स्कॅन केल्यावर आधी नकाशावरची मोजपट्टी आडवी आणि उभी, दोन्हीकडे तपासायची. भूसंदर्भ देताना, म्हणजे स्कॅन जमिनीवरच्या निर्देशांकांना जोडताना, साधं अफाइन रूपांतर वापरायचं. दोन दिशांतलं वेगवेगळं आकसणं आणि किंचित तिरपेपणा ते सामावून घेतं. नकाशा ताणून प्रत्येक बिंदूवर तंतोतंत बसवणारी पद्धत वापरली की स्क्रीनवर सगळं सुरेख दिसतं. प्रत्यक्षात मधले बांध वाकतात आणि चूक कुठे होती ते कायमचं लपतं. चूक दिसत राहिली पाहिजे.

एका गावाला किमान आठ नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडणाऱ्या जागा, घ्यावेत. सहा वापरायचे, दोन बाजूला ठेवायचे आणि शेवटी त्या दोनवर तपासायचं. तिथे 1:3960 च्या नकाशात 2 ते 4 मीटरचा फरक आला तर काम ठीक आहे. दहाच्या पुढे गेला तर बिंदू चुकलाय किंवा दोन शीट एकत्र चिकटवताना कुणीतरी घसरलंय.

बिंदू निवडताना सगळ्यात आधी तिशीव शोधायची, म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उद्योग आणि नोड उभे राहिल्यावर बरेच दगड गेले. जे उरले ते डोंगराच्या अंगाला. त्यानंतर गावठाणातली जुनी देवळं, पक्क्या विहिरी, तळ्यांचे कोपरे. खाडीचा काठ, नाल्याचं वळण आणि खारबांध मात्र बिंदू म्हणून घ्यायचे नाहीत. ते सरकतात. गाव नकाशावरचा काठ आजच्या उपग्रह चित्रातल्या काठाला चिकटवण्याचा मोह फार होतो, कारण ती सर्वांत ठळक रेघ असते. ती चिकटवली की मागचं अख्खं गाव डोंगराकडे किंवा खाडीकडे ढकललं जातं. आम्हाला मिळालेल्या डिजिटल फाइलींपैकी एकीत नेमकं हेच झालेलं होतं आणि तीच पुढे दोन खात्यांनी वापरली होती.

दुसरी घसरण डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेल्या, जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस-84 वर. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरच्या आसपास भरतो. फरक मोठा असला की लगेच लक्षात येतो आणि सुधारला जातो. अर्धवट सुधारलेला फरक धोकादायक: कुणीतरी फाइल हाताने उचलून अंदाजे सरकवलेली असते आणि ती कुठून कुठे सरकवली याची नोंद नसते. अशी फाइल दुरुस्त करत बसू नये, मूळ कागदाकडे परत जावं. शिवाय 73 अंश पूर्व रेखांश वाशी-ऐरोलीच्या अगदी जवळून जातो. त्यामुळे खाडी 47 ए/16 या शीटवर आणि नवी मुंबईचा बराचसा भाग 47 ई/4 वर येतो. या दोन शीटच्या सांध्यावर रेषा तुटलेली मिळाली तर दचकायचं कारण नाही, पण ती जोडताना कुठली बाजू सरकवली हे लिहून ठेवायचं. सगळं काम यूटीएम 43 उत्तर या विभागात करावं, मीटरमध्ये.

शीव दोनदा काढलेली असते

दोन शेजारी गावांची सामाईक शीव प्रत्येक गावाच्या नकाशावर स्वतंत्रपणे काढलेली आहे. दोन्ही नकाशे व्यवस्थित बसवले तरी मध्ये कुठे फट राहते, कुठे एकमेकांवर चढ येते. घणसोली-तळवली, गोठिवली-रबाळे अशा जोड्या समोर ठेवून एकेक शीव हाताळावी लागते. इथे संगणकाची सर्व फटी एका फटक्यात बुजवणारी आज्ञा वापरू नका. ती आज्ञा फट ज्या गावाला जास्त चिकटलेली त्याला देऊन टाकते, कागद पाहत नाही.

आमची रीत अशी. दोन्ही गावांच्या शिवेलगतच्या सर्व्हे नंबरांची टिपणं काढायची. जिथे एका बाजूचं टिपण शाबूत आणि दुसरं जीर्ण आहे, तिथे शाबूत टिपणाची रेषा धरायची. दोन्ही शाबूत असतील आणि फरक दोन-तीन मीटरचा असेल, तर ज्या बाजूने काढलेलं क्षेत्र आकारबंदाशी अधिक जुळतं ती रेषा धरायची आणि निवडीचं कारण त्या तुकड्यासमोर लिहायचं. फरक त्याहून मोठा असेल तर कार्यालयात बसून निर्णय घ्यायचाच नाही. तो तुकडा ‘अनिर्णित’ म्हणून ठेवायचा आणि मोजणीला पाठवायचा. गावाच्या हद्दीचा निर्णय संहितेच्या कलम 133 चा आणि वाद असेल तर 135 चा विषय आहे. नकाशा जुळवणाऱ्याच्या अधिकारात तो येत नाही.

शीव पक्की झाल्यावर ती एकदाच काढायची आणि दोन्ही गावांनी तीच रेषा वापरायची. तालुक्याची, महापालिकेची, वनपरिक्षेत्राची हद्द जिथे त्या शिवेवरून जाते तिथेही तीच रेषा, नवी गिरवायची नाही. यातूनच अर्ध्याहून अधिक गोंधळ आपोआप मिटतो, कारण बहुतेक खात्यांच्या अधिसूचना शेवटी ‘अमुक गावाची शीव’ असंच म्हणतात.

खाडीच्या बाजूला

खरं अवघड काम इथे सुरू होतं. काठावरच्या गावांच्या नकाशात सर्व्हे नंबर खाजणापर्यंत येऊन थांबतात. पुढची चिखलाची पट्टी आणि पाणी बिननंबरी. संहितेच्या कलम 20 प्रमाणे खाडीचं पात्र आणि भरतीरेषेखालची जमीन, कुणाची मालकी सिद्ध नसेल तर सरकारची. जिल्ह्याची हद्द खाडीत आहे. म्हणजे गावाची शेवटची रेषा आणि जिल्ह्याची रेषा यांच्यामध्ये एक लांब पट्टा असा राहतो, जो जिल्ह्यात आहे पण कुठल्याही सर्व्हे नंबरात नाही. कांदळवनाने मधल्या दशकांत याच पट्ट्यात पाय पसरले.

2015 साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 1690 हेक्टरचं आहे: 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. यातल्या पाण्याला सातबारा नाही. त्यामुळे ‘सर्व्हे नंबरनुसार यादी द्या’ असं कुणी मागितलं की तेवढं क्षेत्र यादीतून गळतं आणि बेरीज कमी येते. उपाय सोपा आहे: बिननंबरी पट्ट्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला आपला तात्पुरता क्रमांक द्यायचा, सोबत लगतच्या गावाचं नाव लिहायचं, आणि ‘हा क्रमांक अधिकार अभिलेखातला नाही’ असं स्पष्ट नोंदवायचं. हे शेवटचं वाक्य विसरलं तर वर्षभरात तो क्रमांक कुणाच्या तरी अर्जात सर्व्हे नंबर म्हणून झळकतो.

अभयारण्याभोवतीचा संवेदनशील पट्टा धरून 2022 मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. क्षेत्र 6521.08 हेक्टर, त्यातलं 4830.58 हेक्टर हे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. त्यामुळे ‘खाडीचं संरक्षित क्षेत्र किती’ याला दोन बरोबर उत्तरं आहेत. पत्रव्यवहारात नुसता आकडा न लिहिता कोणत्या अधिसूचनेचा, हे दरवेळी लिहावं.

आता पन्नासाचा घोळ. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या अंतरिम आदेशात आणि 2018 च्या अंतिम निकालात कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा आहे. हा कांदळवनाच्या कडेपासून मोजायचा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत खाड्यांच्या काठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते आहे. हा भरतीरेषेपासून मोजायचा. 2011 च्या अधिसूचनेत तोच पट्टा 100 मीटरचा होता आणि जुन्या परवानग्या त्याच आधारावर आहेत. 1908 च्या जुन्या बंदर कायद्याखालच्या अधिसूचनांत बंदराची हद्द भरतीच्या खुणेपासून 50 यार्डांपर्यंत येऊ शकते, म्हणजे 45.72 मीटर. चार वेगळी मोजमापं, आणि फाइलीत प्रत्येकाचं नाव ‘पन्नास मीटर बफर’ किंवा ‘किनारा पट्टा’. संगणकी नकाशातल्या थराच्या नावातच कशापासून, किती आणि कोणत्या साली हे तीनही घातल्याशिवाय आम्ही फाइल स्वीकारत नाही.

कांदळवनाची कड स्वतः हलती आहे. चित्र कोणत्या तारखेचं आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे दोन्ही लागतं. भरतीच्या वेळच्या चित्रात चिखलपट्टी पाण्याखाली असते आणि विरळ रोपटी दिसत नाहीत. ओहोटीच्या चित्रात शेवाळलेला चिखल हिरवट दिसून कांदळवनात मोजला जातो. भरतीचं वेळापत्रक अपोलो बंदराचं मिळतं, पण खाडीच्या ठाण्याकडच्या टोकाला पाणी त्याहून उशिरा चढतं. हे लक्षात न घेता चित्राची वेळ वेळापत्रकाशी ताडली तर निष्कर्ष उलटा निघतो.

पुलांचा उल्लेखही सांभाळून वाचावा. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 चा, दुसरा 1997 चा, शेजारी रेल्वेचा पूल, आणि अलीकडे नवा पूल. कुठल्याही कागदात ‘पुलापर्यंत’ असं आलं तर त्या कागदाच्या तारखेला कोणता पूल उभा होता आणि त्याची कोणती कड अभिप्रेत होती, हे त्या कागदाच्या नकाशावरून ठरवायचं. आजच्या चित्रातला सर्वांत ठळक पूल धरला तर हद्द चुकते.

पश्चिम काठावर, मुलुंड-भांडुप-कांजूरच्या बाजूला, मिठागरांच्या जागांवर केंद्र आणि राज्य यांच्या हक्काचा प्रश्न जोडलेला असतो. त्या तुकड्यांवर मालकीचा रकाना भरूच नये, दोन्ही दावे नोंदवून पुढे जावं.

प्रत्यक्ष जागेवर

संयुक्त मोजणी नोव्हेंबर ते मे या महिन्यांतच लावावी. दिवस निवडताना मोठ्या ओहोटीचा, आणि ती ओहोटी दिवसाउजेडी येईल असा. अधिकाऱ्यांच्या सोयीने तारीख घेतली आणि पोचल्यावर कमरेएवढं पाणी, असं झालं की पुढची तारीख महिन्यावर जाते. हजर हवेत ते भूमी अभिलेखचा भूकरमापक, मंडळ अधिकारी किंवा तलाठी, वनपाल आणि वनरक्षक, सिडकोचा सर्व्हेअर, आणि गावातला काठ ओळखणारा कोळी-आगरी माणूस. शेवटच्या माणसाला बोलावणं औपचारिक यादीत नसतं, पण जुना खारबांध कुठून जात होता, कोणत्या नाल्याला काय नाव होतं, कुठे मिठागराची पाळ होती, हे त्याच्याशिवाय कळत नाही. अधिसूचनेच्या चतुःसीमेत नेमकी हीच नावं असतात.

उघड्या जागी रोव्हर (उपग्रहांवरून स्थान मोजणारं यंत्र) काही सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू देतो. दाट कांदळवनात शिरल्यावर मात्र फांद्यांमुळे आणि पाण्यावरून परत येणाऱ्या लहरींमुळे तो भरकटतो. स्क्रीनवर बिंदू ‘फिक्स’ दिसला तरी दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. दोनमध्ये अर्ध्या मीटरचा फरक आला तर तो बिंदू सोडा. तिथे बांधावर ईटीएस मशीन (कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन) लावून आत प्रिझम धरणं हाच मार्ग. नेमकी दृष्टिरेषा मिळवण्यासाठी फांद्या छाटायच्या नाहीत. संरक्षित झाडं आहेत ती. रेषा मिळत नसेल तर दुसऱ्या बाजूने यायचं.

सीमेचे खांब चिखलात नुसते रोवले तर दोन पावसाळ्यांत कलतात आणि मग कललेल्या खांबालाच लोक हद्द मानतात. म्हणून हद्दबिंदू चिखलात असेल तर खांब जवळच्या कठीण जमिनीवर घालायचा आणि खांबापासून प्रत्यक्ष बिंदूचं अंतर व दिशा पंचनाम्यात लिहायची. डोंगराकडच्या वनहद्दीला दगडांचे बुरूज असतात. त्यांचे क्रमांक मिळतात तिथे ते जसेच्या तसे वापरावेत, नवी क्रमवारी लावू नये.

पंचनाम्यावर सह्या त्याच दिवशी, जागेवर. मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळाल्यावर तिचा क्रमांक त्या-त्या तुकड्यासमोर नोंदवायचा.

खात्यांच्या उतरंडी

रेषा जुळल्या तरी काम पुरं होत नाही, कारण प्रत्येक खात्याची उतरंड वेगळी. महसूलची: गाव, सजा (तलाठ्याचं कार्यक्षेत्र), मंडळ, तालुका, उपविभाग. वनाची: नियतक्षेत्र (बीट), परिमंडळ, परिक्षेत्र, विभाग. त्यातही खाडीकाठ 2012 पासूनच्या कांदळवन कक्षाकडे, पारसिकच्या डोंगराकडचं वन प्रादेशिक वनविभागाकडे, आणि येऊर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे. एकाच खात्याच्या तीन शाखा, तीन वेगळे अधिकारी. भूजलाचं काम पाणलोटावर चालतं. पारसिकच्या रांगेचं पश्चिमेकडचं पाणी ठाणे खाडीत येतं, पूर्वेकडचं उल्हास आणि तळोज्याच्या बाजूला जातं. डोंगरावरची शीव या धारेवरूनच जाते असं गृहीत धरू नका. गाव अख्खं एका पाणलोटात टाकण्यापेक्षा तुकडा पाडून दोन्हीकडे नोंदवलेलं बरं. सिडकोचं क्षेत्र ठाणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, महापालिकेचं ठाणे जिल्ह्यातलं.

यासाठी एक तक्ता करायचा. प्रत्येक ओळ म्हणजे जमिनीचा असा सर्वांत लहान तुकडा, ज्यातून कुठल्याही खात्याची हद्द जात नाही. पुढचे रकाने: गाव, सर्व्हे-हिस्सा, सेक्टर-भूखंड, नियतक्षेत्र, परिक्षेत्र, पाणलोट, सीआरझेड वर्ग, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, रेषेचा आधार (टिपण, नकाशा, मोजणी), आणि स्थिती. शिवाय ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन तारखा. या तारखा नसतील तर 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला त्याआधीची ‘ठाणे जिल्हा’ ही आकडेवारी आणि नंतरची, एकाच रकान्यात शेजारी बसते आणि वनक्षेत्र एका वर्षात नाहीसं झाल्यासारखं दिसतं.

गावांचे संकेतांक घेताना 2011 च्या जनगणनेवर विसंबू नका. महापालिकेतली गावं तिथे स्वतंत्र खेडी म्हणून नाहीत, ती शहराच्या प्रभागांत गेली. महसुली गाव मात्र आजही चालू आहे, आणि वन अधिसूचना त्याच नावाने निघते. नावांच्या लेखनातही फरक पडतो: गोठवली-गोठिवली, रबाळे-राबाडे, तळोजे-तळोजा. मुख्य रूप एक ठरवून बाकीची पर्यायी नावं म्हणून जपायची, खोडायची नाहीत. न्यायालयात जुन्या कागदातलं नाव जसंच्या तसं शोधावं लागतं.

दुरुस्ती कुणाच्या हाताने

तक्ता पूर्ण झाला की फरकांचे गट दिसू लागतात आणि प्रत्येक गटाचा मार्ग वेगळा असतो. फक्त डिजिटल फाइल चुकली असेल तर फाइल बदलायची, कुणाची परवानगी लागत नाही. मात्र जुनी फाइल तारीख घालून ठेवायची. सातबाऱ्यावर लिहिताना चूक झाली असेल तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमादाची दुरुस्ती. मोजणीने क्षेत्र बदललं तर कजाप, आणि त्यावरून फेरफार. अधिसूचनेत सर्व्हे नंबर किंवा क्षेत्र चुकलं असेल तर राजपत्रात शुद्धिपत्रकच लागतं. स्थानिक कार्यालयाच्या पत्राने ते भागत नाही, कितीही वरिष्ठ सही असली तरी. अधिसूचना बरोबर आहे पण सातबाऱ्यावर किंवा 1-अ वर तिचा अंमल नाही, हा गट आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला ना मोजणी लागते ना सुनावणी, फक्त नोंद लागते. आणि ती नसते तोवर ती जमीन कुणीही बेवारस समजतं. या यादीचा पाठपुरावा दर महिन्याला करावा.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो हिश्श्यांचा प्रश्न. अधिसूचनेत अख्खा सर्व्हे नंबर लिहिलेला असतो आणि क्षेत्र मात्र त्याच्या एका भागाचं. कोणता भाग, हे शब्दांत नसतं. सोबतच्या नकाशात असलं तर 1:4000 वर चार मीटरच्या अचूकतेने मिळतं. नसलं तर त्या तारखेच्या जवळचं उपग्रह चित्र आणि चौकशीची कागदपत्रं यांवरून संभाव्य भाग काढता येतो. पण तो ‘संभाव्य’ म्हणूनच तक्त्यात राहतो, शुद्धिपत्रक निघेपर्यंत. तोवर त्या सर्व्हे नंबरात भरावाची तक्रार आली तर पंचनामा वनरक्षक आणि तलाठी दोघांनी मिळून करायचा, अशी लेखी व्यवस्था दोन्ही कार्यालयांत आधीच करून ठेवावी. तक्त्याच्या ‘स्थिती’ रकान्यात ‘संयुक्त’ एवढा शब्द लिहिला आणि दोघांच्या पदनामांपुढे कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक टाकला की रात्री गाडी दिसल्यावर फोन कुठे करायचा ते ठरलेलं असतं.

तक्त्याची छापील प्रत सजाच्या कार्यालयात आणि वनचौकीत ठेवावी. दर वर्षी पावसाळा संपल्यावर ‘अनिर्णित’ ओळी आधी उघडायच्या आणि त्या हंगामाची मोजणीची तारीख ओहोटी पाहून तेव्हाच मागून घ्यायची.